आवाज गेल्यावर गाण्यात काय उरतं? : बिली हॉलिडे, १९५८

शाहूपुरीचा श्रोता | शुक्रवार, रात्री ९:४०

अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडेचं नाव निघालं की बोलणं लगेच तिच्या हालांवर जातं. गरिबी, छळणारे पुरुष, हेरॉइन, तुरुंग, चव्वेचाळिसाव्या वर्षी मृत्यू. सगळं खरं आहे. पण त्या नादात तिचं गाणं ऐकायचं राहून जातं आणि आपण तिची कीव करत बसतो. शेवटच्या वर्षांतल्या गाण्याच्या बाबतीत तर फारच. फेब्रुवारी १९५८ मध्ये न्यूयॉर्कला तिने 'लेडी इन सॅटिन' ही तबकडी केली. तोवर आवाज चिरला होता, वरचे स्वर गेले होते, दम पुरत नव्हता. चांगले कानसेन असलेले लोकही ही तबकडी अर्ध्यात बंद करतात. मला ती तिच्या सर्वोत्तम कामांत मोडते असं वाटतं, आणि गायक अल्लादियाखाँसाहेबांच्या गावात, म्हणजे आपल्या कोल्हापुरात, हे म्हणायला मला जराही संकोच नाही.

ज्यांना ओळख नाही त्यांच्यासाठी आधी थोडं आयुष्य.

जन्म ७ एप्रिल १९१५, फिलाडेल्फिया. खरं नाव एलेनोरा फेगन. लहानपण बाल्टिमोरमध्ये. वडील क्लॅरेन्स हॉलिडे गिटारवादक, पुढे फ्लेचर हेंडरसनच्या नावाजलेल्या वाद्यवृंदात होते, पण या मायलेकींच्या वाट्याला ते आलेच नाहीत. पोर लोकांच्या दारातल्या पायऱ्या घासून पैसे मिळवायची. काही काळ सुधारगृहातही काढला. एका कुंटणखान्यात वरकाम करत असताना तिथल्या ग्रामोफोनवर ट्रंपेटवादक-गायक लुई आर्मस्ट्राँग आणि गायिका बेसी स्मिथ ऐकायला मिळाले, असं तिनेच सांगितलंय. तीच तिची तालीम. गुरू नाही, नोटेशन वाचता येत नाही. १९२९ च्या सुमाराला आईच्या मागोमाग न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आली आणि तिथल्या छोट्या क्लबांत गाऊ लागली. 'बिली' हे नाव बिली डव्ह या नटीवरून घेतलं, आडनाव वडिलांचं.

१९३३ साली जॉन हॅमंड या संगीतवेड्या तरुणाने तिला हार्लेममध्ये ऐकलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या साथीने तिची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. वय अठरा. १९३५ पासून पियानोवादक टेडी विल्सनबरोबर एकामागून एक तबकड्या झाल्या. त्या ज्यूकबॉक्ससाठी होत्या. नाणं टाकायचं, गाणं ऐकायचं. चांगली ताजी गाणी गोऱ्या गायकांकडे जायची आणि उरलेली सामान्य गाणी हिच्या वाट्याला.

तिने त्या सामान्य गाण्यांचं काय केलं, तिथे माझा मुद्दा सुरू होतो. तिच्या आवाजाचा पल्ला सप्तकाहून जेमतेम थोडा जास्त. छापलेली चाल वर चढत असेल तर ही चढायचीच नाही. चार-पाच स्वरांत चाल बसवायची आणि उरलेलं सगळं लयीत करायची. ढोल आणि डबल बास ठेका सरळ धरून असतात. ही शब्द मागे ठेवते, इतका मागे की आता चुकणार असं वाटतं, आणि ओळीच्या शेवटी सहज येऊन मिळते. म्हणजे आवाज शाबूत असतानाही तिचं गाणं आवाजाच्या ताकदीवर उभं नव्हतंच. मग १९५८ मध्ये आवाज गेला तेव्हा नेमकं काय गेलं?


मंगळवार पेठ ४१६ | शुक्रवार, रात्री १०:१५

उत्तम धागा. पण दादा, खाँसाहेबांचा संबंध अर्धवट सोडलात. तो आधी सांगा.


शाहूपुरीचा श्रोता | शुक्रवार, रात्री १०:५०

सांगतो. खाँसाहेबांचा जन्म १८५५ चा, राजस्थानातल्या उणियाऱ्याचा. तरुणपणी आमलेट्याच्या दरबारी असताना गाण्याचा अतिरेक झाला आणि आवाज बसला. बराच काळ गाताच येईना. पुढे आवाज आला तो पहिल्यासारखा नव्हता. त्या आवाजाला पूर्वीची गायकी पेलेना, म्हणून त्यांनी नवी घडवली. मात्रेला धरून चाललेली लय, तिच्या पोटातून वळणं घेत जाणारी तान, अनवट (क्वचित गायले जाणारे) आणि जोड राग. आज आपण जिला जयपूर-अत्रौली म्हणतो ती गायकी अशी जन्माला आली, आणि शाहू महाराजांच्या आश्रयाने आपल्या कोल्हापुरात रुजली. त्यांचे शिष्य बघा: केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, भास्करबुवा बखले, खाँसाहेबांचे चिरंजीव मंजीखाँ आणि भुर्जीखाँ, मग त्या दोघांकडे शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर. एवढं मोठं झाड एका बिघडलेल्या गळ्यातून आलं.

या गावात तरी 'आवाज गेला म्हणजे गाणं संपलं' असं कुणी म्हणू नये.


स्वरगंधा | शनिवार, सकाळी ७:२०

पंचवीसेक वर्षं गाणं शिकते आणि शिकवते आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. तुमची तुलना मला पटत नाही.

खाँसाहेबांचा आवाज बसला तेव्हा ते तरुण होते. त्यांच्यापाशी घराण्याची पिढीजात विद्या होती, पुढे आयुष्य होतं, आणि त्यांनी वर्षानुवर्षं मेहनत करून नवीन इमारत उभी केली. बिलीचा आवाज दारूने आणि हेरॉइनने गेला. १९५८ ची तबकडी मी काल रात्री पुन्हा ऐकली. कितीतरी ठिकाणी स्वर धरला आहे पण तो ठरत नाही, खाली घसरतो. १९३७ मध्ये ती चार स्वरांत गाते तेव्हा ती निवड आहे. १९५८ मध्ये तीच लाचारी आहे. ऐकणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसेल, पण गाणाऱ्याला हा फरक लगेच कळतो.

आणि मागची ती व्हायोलिनं! साथ रचणाऱ्या रे एलिसने चाळीसेक वादकांचा ताफा बसवला आहे. इतका गोडवा त्या आवाजाभोवती मला सहन होत नाही. छोट्या संचात, पियानो-बास-सॅक्सोफोनमध्ये तिचं जे खुलतं ते इथे दबतं.

दुसरं असं. केसरबाईंनी १९६० च्या दशकात आपणहून जाहीर मैफली थांबवल्या. आपलं जे उत्तम, तेच लोकांच्या कानात राहावं हा त्यांचा आग्रह होता. त्याला मी कलेवरची निष्ठा म्हणते.


क्लॅरिनेटवाला | शनिवार, दुपारी २:०५

नमस्कार मंडळी. मी लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवतो, सीझन नसला की सॅक्सोफोनचा रियाज करतो. ताईंनी १९३७ चं काढलं म्हणून लिहायचं धाडस करतोय.

१९३७ च्या जानेवारीत बिलीच्या तबकड्यांवर पहिल्यांदा लेस्टर यंग वाजवायला आला. टेनर सॅक्सोफोन. तवर टेनर म्हटलं की कोलमन हॉकिन्ससारखा भरदार, जाड आवाज काढायचा, असा रिवाज. लेस्टरचा आवाज लई हलका, थंड, पाण्यावर पान तरंगावं तसा. बिली गाताना तो मागं बारीक बोलत राहतो. तिची ओळ संपली की तिथंच धरतो, नवं काय दाखवायला जात नाही. मी त्या तबकड्यांवरनं त्याचे तुकडे उतरवून घेतलेत. बोटाला सोपे हायत, पण दम कुठं तोडायचा ते काय केल्या जमत नाही. मग एक दिवस कळलं, तो बिलीच्या दमाप्रमाणं दम तोडतो. ती जिथं श्वास घेते तिथं ह्याचा सूर. दोघं एकाच माणसाच्या दोन फुप्फुसांगत वाजतात. त्यानं तिला 'लेडी डे' नाव दिलं, तिनं त्याला 'प्रेझ', म्हंजे प्रेसिडेंट.

आता ऐका. ८ डिसेंबर १९५७ ला अमेरिकेच्या सीबीएस टीव्हीवर जॅझचा कार्यक्रम झाला, थेट प्रक्षेपण. बिलीनं स्वतः लिहिलेलं 'फाइन अँड मेलो' गायलं. मागं बेन वेबस्टर, हॉकिन्स, रॉय एल्ड्रिज, जेरी मलिगन, एकापेक्षा एक. लेस्टर तवा लई आजारी. बाकीच्यांनी भरपूर सूर वाजवले. लेस्टरनं बारा बारच्या (एक बार म्हंजे चार ठोक्यांचा तुकडा) एका आवर्तनात अगदी मोजके सूर वाजवले, सगळे सावकाश. कॅमेरा बिलीच्या चेहऱ्यावर हाय. ती मान हलवते, हसते, तिला प्रत्येक सूर कळतोय.

ताई, तुमच्या हिशोबानं त्या दिवशी लेस्टरचा दम गेलेला होता. पण त्या कार्यक्रमात सगळ्यात मोठं वाजवणं त्याचंच झालं, हे कुठल्याही वाजवणाऱ्याला विचारा. १५ मार्च १९५९ ला तो गेला. चार महिन्यांनी, १७ जुलैला, बिली.


मंगळवार पेठ ४१६ | शनिवार, दुपारी २:४०

तो व्हिडिओ आत्ता बघितला. काय बोलावं कळेना. नाद खुळा, भावा. चेहरा बघण्यासाठी पुन्हा लावतोय.


पंचगंगाकाठची | शनिवार, संध्याकाळी ६:३०

गाण्यातलं मला फार कळत नाही, इतिहास शिकवते. एक बाजू मांडते, कारण आवाज कशाने गेला याचा हिशोब करताना सगळं दारूवर टाकणं बरोबर नाही.

१९३८ साली बिली आर्टी शॉच्या वाद्यवृंदात गाऊ लागली. गोऱ्या वादकांच्या वाद्यवृंदात कायमची काळी गायिका ही तेव्हा फारच दुर्मीळ गोष्ट. दक्षिणेच्या दौऱ्यात हॉटेलात जागा नाही, खानावळीत जेवण नाही. पण घाव बसला तो न्यूयॉर्कमध्ये. लिंकन हॉटेलात वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता आणि तिथे तिला सांगितलं गेलं की पाहुण्यांच्या लिफ्टने यायचं नाही, सामानाच्या लिफ्टने यायचं. त्या वर्षअखेरीस ती बाहेर पडली.

आपल्याकडे गंगाराम कांबळ्यांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पागेतल्या पाण्याला हात लावला म्हणून मार खाल्ला. शाहू महाराजांनी त्यांना भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथे थांबून चहा प्यायले. बिलीच्या आयुष्यात लिफ्टचं दार उघडून देणारं असं सत्तेतलं कुणी आलं नाही. ग्रीनिच व्हिलेजमध्ये 'कॅफे सोसायटी' नावाचा क्लब मात्र होता. बार्नी जोसेफसन या माणसाने काळ्या-गोऱ्यांनी एकत्र बसावं या हट्टाने तो काढला होता. १९३९ मध्ये तिथे तिने 'स्ट्रेंज फ्रूट' गायलं. झाडाला टांगलेल्या काळ्या माणसांच्या प्रेतांवरची ती कविता ब्राँक्समधल्या एबल मीरोपोल या शाळामास्तरांची. तिच्या नेहमीच्या कंपनीने, कोलंबियाने, ते गाणं घ्यायला नकार दिला. मग कमोडोर या छोट्या कंपनीने २० एप्रिल १९३९ ला ते मुद्रित केलं.

वडील १९३७ मध्ये टेक्ससमध्ये न्यूमोनियाने गेले होते. काळा म्हणून उपचार मिळाले नाहीत, असं ती सांगायची, आणि हे गाणं गाताना ते आठवतात असंही.


स्वरगंधा | शनिवार, रात्री ९:१०

ताई, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं झालं. या गाण्याबाबत माझं शाहूपुरीकरांशी काहीच भांडण नाही.

रंगमंचाची शिस्त पाहा. जोसेफसनचा नियम असा: हे गाणं शेवटी व्हायचं. त्याआधी वेटरांनी काम थांबवायचं. सगळे दिवे बंद, फक्त तिच्या चेहऱ्यावर एक झोत. गाणं संपलं की काळोख, आणि परत येऊन अभिवादन नाही, फर्माईश नाही. गाण्यात ती आवाज कुठेच चढवत नाही. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुली दुःखाचं पद आलं की लगेच कंप देतात, हुंदका आणतात. त्यांना मी हे ऐकवते. शब्द नुसते ठेवलेत, एकेक करून. शेवटच्या शब्दावर फक्त सूर उंच जाऊन उघडा राहतो.


मंगळवार पेठ ४१६ | शनिवार, रात्री ९:३५

शेवटी हॉस्पिटलात अटक झाली होती म्हणतात, ते खरं का?


शाहूपुरीचा श्रोता | शनिवार, रात्री १०:२०

खरं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन हॉस्पिटलात यकृताच्या आजाराने पडून असताना अमली पदार्थ बाळगल्याचा गुन्हा लावून तिला खाटेवरच अटक केली, खोलीबाहेर पोलीस बसवले. यापेक्षा जास्त मी त्यात जात नाही.

त्याआधीची एक सरकारी गोष्ट मात्र तिच्या गाण्याशी थेट जोडलेली आहे. मे १९४७ मध्ये तिला पकडलं, एक वर्ष एक दिवस शिक्षा झाली, वेस्ट व्हर्जिनियातल्या ऑल्डरसनच्या तुरुंगात. मार्च १९४८ मध्ये सुटली आणि दोन आठवड्यांच्या आत, २७ मार्चला, कार्नेगी हॉल खचाखच भरला. पण न्यूयॉर्कमध्ये दारू विकणाऱ्या कुठल्याही क्लबात गायचं तर पोलिसांकडून 'कॅबरे कार्ड' लागायचं. शिक्षा झाल्यामुळे तिला ते पुढे मिळालंच नाही. मोठं सभागृह चालेल, टीव्ही चालेल, पण जिथे तिचं गाणं घडलं ते छोटे क्लब बंद. घरचं शहर सोडून सतत परगावी फिरणं आलं. १९३० च्या दशकातल्या ज्या तबकड्यांवर ताई इतकं प्रेम करतात त्यांचे तिला ठोक पैसे मिळाले होते, विक्रीतला वाटा नव्हता. स्वरगंधाताई, केसरबाई थांबल्या कारण त्यांना थांबणं परवडत होतं, आणि त्यांनी तो मान स्वतःच्या हिमतीवर मिळवला होता हेही मान्य. बिलीपुढे ती वाट नव्हती. ती थांबली नाही म्हणून तिची कलेवरची निष्ठा कमी होती, हा निष्कर्ष मला मान्य नाही.

आता लाचारीच्या मुद्द्यावर येतो, कारण खरा प्रश्न तोच आहे.

रे एलिसने स्वतः सांगितलंय की मुद्रणाच्या वेळी तो तिच्या गाण्यावर नाराज होता. तो स्वर ऐकत होता, भाव ऐकत नव्हता. काही आठवड्यांनी शांतपणे ऐकल्यावर त्याला कळलं की काय झालंय. म्हणजे ज्या माणसाने ती साथ रचली त्यालाही तुमच्यासारखंच वाटलं होतं. मी तुमची तक्रार धुडकावत नाही. स्वर घसरतो, हे माझ्याही कानाला लागतं.

पण पहिलं गाणं घ्या, 'आय ॲम अ फूल टू वाँट यू'. व्हायोलिनं लांब, सपाट, अखंड चालतात. त्यांच्यावर ती शब्द कसे टाकते ते ऐका. स्वर धरवत नाही म्हणून तो लवकर सोडते, आणि सोडल्यावर जी जागा रिकामी होते तिचा वापर करते. पुढचा शब्द त्या रिकाम्या जागेत किती उशिरा येणार हे ती ठरवते. १९३७ मध्ये ठेका नाचता होता, त्यामुळे मागे राहणं हा खेळ होता. इथे ठेका जवळजवळ नाहीच, लय तिने एकटीने आपल्या शब्दांत सांभाळली आहे. चाळीस माणसं आणि तिच्यात लय कुणाच्या हातात आहे? तिच्याच. नुसत्या लाचारीत इतकं नेमकं गाता येत नाही. म्हणूनच ती गोड व्हायोलिनंही मला खटकत नाहीत. मागे एवढं गुळगुळीत नसतं तर तिच्या आवाजाची धार आणि शब्दांची जागा इतकी स्पष्ट दिसलीच नसती.


क्लॅरिनेटवाला | शनिवार, रात्री ११:००

बरोबर. आमच्यातले म्हातारे वादक असंच वाजवायचे. वाद्याची पत्ती जुनी, दम कमी, पण सूर कधी सोडायचा ते पोरांपेक्षा जास्त कळायचं.


पंचगंगाकाठची | रविवार, सकाळी ८:१५

वर्गात सांगण्यासारखी एक गोष्ट या चर्चेतून सुचली. १९७७ मध्ये 'नासा'ने व्हॉयेजर यानांसोबत जी सोनेरी तबकडी पाठवली तिच्यावर केसरबाईंची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. त्याच तबकडीवर लुई आर्मस्ट्राँगही आहे. म्हणजे एका बाजूला खाँसाहेबांची शिष्या आणि दुसऱ्या बाजूला बिलीने लहानपणी ग्रामोफोनवर ज्याच्याकडून घेतलं तो.


स्वरगंधा | रविवार, सकाळी १०:४०

रिकाम्या जागेचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे. आज सकाळी तेवढंच धरून पहिलं गाणं तीनदा ऐकलं. लय तिच्याच हातात आहे, हे मला मान्य. पण सुरेलपणाला पर्याय नाही, हे मी सोडणार नाही. विद्यार्थिनींसमोर ही तबकडी मी लावणार नाही, कारण त्या चिरलेल्या आवाजाची नक्कल आधी उचलतील आणि लय कुणालाच दिसणार नाही. ज्यांचा कान तयार आहे त्यांच्यासाठी ठीक.


मंगळवार पेठ ४१६ | रविवार, सकाळी ११:०५

पुढच्या रविवारी आमच्या माडीवर बसूया का सगळे? स्पीकर चांगले आहेत. क्रम कुणीतरी ठरवा.


शाहूपुरीचा श्रोता | रविवार, दुपारी १२:३०

जरूर. क्रम असा ठेवू. आधी टेडी विल्सनबरोबरच्या १९३५ ते ३७ च्या तबकड्या, लेस्टर असलेल्या जास्त. क्लॅरिनेटवाले दादा, दम कुठे तुटतो ते तेव्हा वाजवून दाखवा. मग १९३९ चं कमोडोरचं मुद्रण, त्यानंतर चहा, लगेच दुसरं काही नको. मग १९४४ चं डेक्का कंपनीचं 'लव्हर मॅन'. व्हायोलिनं साथीला घ्यायचा तिचा हट्ट तेव्हापासूनचा आहे, १९५८ मध्ये कुणी तिच्यावर लादलेली ती गोष्ट नव्हे. त्यानंतर १९५७ चा व्हिडिओ.

'लेडी इन सॅटिन' शेवटी. नुसती गाणी नाही. पुढे निघालेल्या आवृत्तीत 'द एंड ऑफ अ लव्ह अफेअर' या गाण्याच्या मुद्रणाच्या वेळचा स्टुडिओतला आवाजही दिलाय, दहा-एक मिनिटांचा. ते गाणं तिला नीट पाठ नव्हतं. वाद्यवृंदाची साथ आधी मुद्रित करून ठेवली आणि तिने त्यावर नंतर गायलं. ती अडते, पुन्हा घेते, एकच ओळ वेगळ्या जागी टाकून बघते. स्वरगंधाताई, तुम्ही ती दहा मिनिटं गुरूच्या कानाने ऐका आणि तालमीला बसलेली विद्यार्थिनी म्हणून तिला काय सांगाल ते आम्हाला तिथेच सांगा.


स्वरगंधा | रविवार, दुपारी १:१०

येते. तंबोरा आणू का? १९३७ च्या एखाद्या गाण्यातले तिचे चार-पाच स्वर मला षड्ज लावून तपासायचे आहेत.